माऊसविना चालणारा हिशेब : अपंग कारागिरासाठी रोजगाराची वाट

आर्वी ही कापसाची बाजारपेठ. जिनिंगच्या यंत्रापाशी, सुताराच्या करवतीपाशी किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांपाशी काम करणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्यांना धोका रोजचाच असतो. असा अपघात झाला की कारागिराचे हत्यार सुटते. त्याची हुशारी मात्र जात नाही. मालाची पारख, गिऱ्हाइकाची ओळख, भावाचा अंदाज हे सारे त्याच्यापाशी शाबूत असते. अशा माणसाला बिलाच्या कामावर बसवावे, असे मालकाच्या मनात येते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर हे काम मोठ्या प्रमाणावर संगणकावर आले आहे. तो संगणकापुढे बसतो आणि अडतो. मग 'याला जमत नाही' असा शेरा मारला जातो. पुष्कळदा दोष माणसाचा नसून सॉफ्टवेअरचा असतो. तो कसा ओळखावा, हे व्यापारी बांधवांनी समजून घेणे आवश्यक आहे.

फोकस म्हणजे काय?

वहीत लिहिताना लेखणीचे टोक जेथे टेकते, तेथेच अक्षर उमटते. संगणकाच्या पडद्यावर गिऱ्हाइकाचे नाव, माल, नग, दर असे अनेक रकाने असतात. आपण कळ दाबली की अक्षर ज्या रकान्यात जाते, तेथे फोकस आहे असे म्हणतात. टॅब ही कळ दाबली की फोकस पुढच्या रकान्यात जातो. शिफ्ट धरून टॅब दाबली की मागे येतो. फोकस जेथे असेल त्या रकान्याभोवती चौकट किंवा ठळक रंग दिसला पाहिजे. ही खूण नसेल, तर डोळस माणूसही चाचपडतो.

ज्याला एकच हात आहे, त्याला दर वेळी कळफलक सोडून माऊस धरणे जड जाते. सर्व काम कळांवर होत असेल, तर तो इतरांच्या बरोबरीने बिले करू शकतो. दोन कळा एकदम दाबण्याची अडचणही सुटते. विंडोजमध्ये शिफ्ट कळ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज ही सोय चालू करता येते. मग कंट्रोल आणि दुसरी कळ एकामागून एक दाबली तरी चालते. ही सोय विंडोज ९५ पासून आहे आणि तिला वेगळा खर्च नाही.

अंध माणसाला माऊसचा बाण दिसतच नाही. त्याच्यासाठी पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर असते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए हे त्यांपैकी एक. ते मोफत मिळते आणि मराठी मजकूरही वाचते. फोकस 'दर' या रकान्यात गेला की ते 'दर' असे बोलते. परंतु बटणावर नुसते चित्र असेल आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने त्याला नाव दिले नसेल, तर ते केवळ 'बटण' एवढेच सांगते. ते बटण बिल छापणारे आहे की पुसून टाकणारे, हे त्या माणसाने कसे ओळखावे?

टॅली वापरणाऱ्यांना कळांची सवय आहेच. विक्रीसाठी एफ ८, खरेदीसाठी एफ ९, रक्कम देण्यासाठी एफ ५ आणि रक्कम आल्यास एफ ६. सराईत मुनीम माऊसला हातही न लावता झपाट्याने काम उरकतो. म्हणजे कळांची सोय ही अपंगांवर केलेली मेहेरबानी नव्हे. तिच्यात सर्वांचाच वेळ वाचतो. मात्र कळांवर चालणे ही पहिली पायरी आणि पडदा नीट वाचला जाणे ही दुसरी. दोन्ही तपासाव्यात.

खरेदीपूर्वी घ्यावयाची परीक्षा

बिलाचे सॉफ्टवेअर विकणारा दुकानात आला, की माऊस बाजूला ठेवावा आणि त्याला कळफलकावर एक पूर्ण बिल करावयास सांगावे. तेवढ्या वेळात पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) प्रत्येक रकाना आणि बटण टॅबने गाठता येते का?

२) फोकस कोठे आहे ते प्रत्येक वेळी स्पष्ट दिसते का?

३) नावानंतर माल, मग नग, मग दर असा क्रम लागतो, की फोकस मधेच भलतीकडे उडी मारतो?

४) तारखेच्या रकान्यात किंवा उघडलेल्या छोट्या चौकटीत फोकस अडकून तर पडत नाही?

५) एनव्हीडीए चालू करून डोळे मिटले, तर तेच बिल करता येते का?

या मागण्या आपल्या मनाच्या नाहीत. सर्व काम कळफलकावर व्हावे, फोकस अडकू नये, त्याचा क्रम सुसंगत असावा आणि तो दिसावा, हे २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत नमूद आहे. ते नियम वेबसाइटसाठी लिहिलेले असले, तरी कोणत्याही सॉफ्टवेअरची पारख करताना उपयोगी पडतात.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती तंत्रज्ञानही अपंगांना वापरता येण्याजोगे असावे, असे म्हटले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्याची अट अंध आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या व्यक्तींना पुरी करता येत नाही, हा त्या खटल्यातील मुख्य प्रश्न होता. अर्ज करणाऱ्यांत अमर जैन हे अंध वकीलही होते.

न्यायालयाचा निकाल आपल्या गल्ल्यापर्यंत आपोआप येत नाही. सॉफ्टवेअर विकणारा गिऱ्हाईक मागेल ते देतो. म्हणून मागणी आपणच केली पाहिजे. वरच्या परीक्षेला फार तर अर्धा तास लागेल. तेवढ्या वेळात एखाद्या कारागिराची भाकर शाबूत राहत असेल, तर हा सौदा तोट्याचा नाही.