बाटली पहाटे भरा

पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागला की काठावरची माणसं एकच बोलतात : वरून मळीचं पाणी सोडलं. मग बातमी येते, पंचनामा होतो, नमुन्याची बाटली भरली जाते. ती बाटली किती वाजता भरली, हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचं आहे.

वीस अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच हवेत तो सुमारे 280 मिलिग्रॅम असतो. मासा मुळातच टंचाईत जगतो. पाणी तीस अंशांवर गेलं की ते 9 साडेसातावर येतात, आणि नेमकी तेव्हाच माशाच्या शरीराची गरज वाढलेली असते. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू हाच प्राणवायू ओढतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या पाण्याची ही प्राणवायूची मागणी लिटरमागे 40 हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. असं एक लिटर पाणी प्रक्रिया न करता सोडलं, तर नदीच्या पाच हजार लिटरांचा श्वास संपतो.

बंधाऱ्याला प्रवाह अडवणारे बरगे घातले की पाणी थबकतं. मैल्याच्या खतावर शेवाळ माजतं. ते दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच वापरतं. म्हणून सूर्योदयाच्या आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि मासे तोंड वर काढून धापा टाकतात ते पहाटेच. त्याच डोहाचं दुपारचं पाणी तपासलं तर आकडा चांगला येऊ शकतो.

मासा मेला नाही म्हणजे तो सुखरूप आहे, असंही नाही. त्रास झाला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं, आपल्या रक्तात वाढतं तसंच. काही तास त्याचा उपयोग होतो. आठवडेच्या आठवडे ते चढलेलं राहिलं की वाढ खुंटते, रोग बळावतात, अंडी कमी होतात. अमोनियाने कल्ले सुजतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबंसुद्धा सामन माशाच्या पिलांचं घ्राणेंद्रिय बधिर करतं. मग शिकारी जवळ आल्याचा वास त्यांना येत नाही.

कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात 2001 ते 2003 दरम्यान गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम इतकंच मिसळलं होतं. तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांमध्ये अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि त्याची संख्या जवळजवळ संपली. पाण्यावर एकही प्रेत न तरंगताही जात अशी नाहीशी होऊ शकते.

‘नदीत मासे आहेत की अजून!’ असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठले? मरळ आणि मांगूर पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते तगतात. तळाच्या काळ्या गाळात लाल अळ्या वळवळतात, कारण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. एवढेच जीव उरले असतील, तर ती नदी निरोगी नाही.

 नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी एवढं करावं : मासे मरायची वाट न पाहता, दर आठवड्याला, उजाडण्यापूर्वी प्राणवायू मोजावा, जाळ्यात कुठली जात आली ते लिहावं, आणि ती वही चावडीवर ठेवावी.