मूत्रपिंडरोपणानंतरचा जंतुसंसर्ग आणि ‘सख्खेपणा’चा प्रश्न

मराठीत ‘सख्खा’ हा शब्द एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेल्यांस लावतात. चुलत, मावस, आते आणि मामे ही त्याबाहेरची वर्तुळे होत. बारामती वा इंदापूर तालुक्यातील एखाद्या घरावर मूत्रपिंड देण्याघेण्याचा प्रसंग आला म्हणजे प्रथम शोध साहजिकच सख्ख्यांचा होतो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदाही ‘जवळचा नातेवाईक’ कोण हे ठरविताना नात्याचाच आधार घेतो: आईवडील, मुले, भावंडे, पती वा पत्नी आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा व नातवंडे. रोग्याच्या शरीराला मात्र नात्याचे शब्द कळत नाहीत. त्याची प्रतिकारशक्ती ज्या खुणांवरून आपपर ओळखते त्या निराळ्या आहेत; आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका किती, हेही काही अंशी त्या खुणांवरच अवलंबून राहते.

या खुणा म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील ‘एचएलए’ प्रथिने होत. त्यांपैकी पहिली फ्रेंच वैद्य झां दोसे यांनी १९५८ साली ओळखली. या प्रथिनांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर परस्परांना लागून असल्यामुळे ती बहुधा एकगठ्ठा पुढच्या पिढीकडे जातात. प्रत्येकाजवळ असे दोन गठ्ठे असतात, एक आईकडचा व एक बापाकडचा. त्यामुळे आई किंवा बाप आणि अपत्य यांच्यात निदान निम्मी जुळणी ठरलेलीच. भावंडांची गोष्ट वेगळी. दोन सख्ख्या भावांचे दोन्ही गठ्ठे एक असण्याचा संभव चारांत एक, एकच गठ्ठा समान असण्याचा चारांत दोन, आणि एकही समान नसण्याचा पुन्हा चारांत एक. म्हणजे भाषेने सख्खा ठरविलेला भाऊ या हिशेबात कधी कधी परकाच निघतो.

उलट, पत्नीला या बाबतीत सर्वस्वी परकी समजण्याचा प्रघात आहे. पाश्चात्त्य समाजापुरता तो ठीकच आहे. परंतु देशावरील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात तिचा परामर्श घेतला आहे. सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची रीत या चालीशी सुसंगतच म्हणावी लागेल, कारण मामाच्या मुलीची सासू ही खरोखरीच तिची आत्या असते. अशा पतिपत्नींमध्ये एक गठ्ठा वारशाने समान असण्याचा संभव चारांत एक असतो. हा लाभ लहान नव्हे. मात्र दाता पती व रोगी पत्नी असेल, तर बाळंतपणांमुळे पतीच्या खुणांविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. ती तपासल्यावाचून पुढे जाता येत नाही.

जुळणीचा जंतुसंसर्गाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या एकबीज जुळ्या भावास बसविले. दोघांची आनुवंशिक घडण एकच असल्याने प्रतिकारशक्ती दडपणारे औषध द्यावे लागले नाही. इतरांस ते मूत्रपिंड टिकेपर्यंत घ्यावेच लागते. जुळणी जितकी कमी, तितका शरीराने नवे मूत्रपिंड अव्हेरण्याचा संभव अधिक, आणि हा अव्हेर आवरण्यासाठी करावयाचा औषधांचा माराही तितकाच जबर. मग क्षयाचे जंतू, सायटोमेगॅलो विषाणू आणि शेणखतात व कुजत्या पाचटात वाढणाऱ्या बुरशी यांना वाट मोकळी होते. जुळणी कमी असलेल्या रोग्यांत संसर्गाने होणारे मृत्यू अधिक आढळतात, असे हायडेलबर्गहून चालविल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय पाहणीने २०१२ साली दाखविले.

आनुवंशिकतेचा दुसरा मार्ग औषधाच्या विघटनातून जातो. आज सर्वत्र वापरले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध १९८४ साली जपानातील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूपासून मिळाले. ज्यांच्याजवळ ‘सीवायपी ३ए५’ या विकराच्या जनुकाची निदान एक कार्यक्षम प्रत असते, त्यांचे शरीर ते झपाट्याने मोडते. त्यांस सुमारे दीडपट ते दुप्पट मात्रा लागते. युरोपीयांपेक्षा भारतीयांत अशी माणसे अधिक आहेत. मात्रा कमी पडली तर अव्हेर होतो व तो शमविण्यासाठी जबर औषधे द्यावी लागतात. जास्त झाली तर जंतूंना थेटच रान मोकळे. जनुक पाहून मात्रा ठरविल्यास योग्य पातळी लवकर गाठता येते, हे २०१० साली फ्रान्समधील चाचणीत सिद्ध झाले. परंतु रोग्यांच्या अंतिम स्थितीत त्यामुळे फरक पडल्याचे त्या चाचणीत दिसले नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

जंतूंना ओळखणाऱ्या प्रथिनांचीच जनुके सदोष असणे हा तिसरा मार्ग. मॅनोज-बंधक लेक्टिन व ‘टीएलआर ४’ यांवर बरेच लिहिले गेले आहे. निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत, आणि त्यांवरून एखाद्या रोग्याचे भवितव्य सांगणे धाडसाचे ठरेल.

आपल्याकडे या सर्वांचा कस क्षयरोगात लागतो. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध शरीर किती वेगाने निकामी करते, हे ‘एनएटी २’ या जनुकावर अवलंबून असते. भारतात मंदगती माणसांचे प्रमाण मोठे असून अशांच्या यकृतास अपाय होण्याचे भय अधिक. रिफॅम्पिसिनची गोष्ट याहून बिकट आहे. ते टॅक्रोलिमस मोडणाऱ्या विकरांनाच चेतविते. पुण्यात मूत्रपिंड बसवून घेऊन भवानीनगर वा इंदापुरास परतलेल्या रोग्यास क्षय झाला आणि गावातच नेहमीचे उपचार सुरू झाले, तर काही दिवसांतच टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी खाली येते व जपलेले मूत्रपिंड गमावण्याची पाळी येते. म्हणून रिफॅम्पिसिनच्या पहिल्या गोळीपूर्वीच रोपण करणाऱ्या वैद्यांस कळवावे लागते. मग ते टॅक्रोलिमसची मात्रा कित्येक पटींनी वाढवून रक्ताची वारंवार तपासणी करतात, अथवा रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात.