बारा डॉलर आणि टुलीची झोपडी

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व काठावर फ्रीमाँट हे शहर आहे. संगणक क्षेत्रात काम करणारी भारतीय कुटुंबे इथे मोठ्या संख्येने राहतात, त्यांत मराठी घरेही बरीच. घर स्वतःचे असेल तर मालमत्ता कराच्या वार्षिक बिलात बारा डॉलरची एक बारीकशी ओळ असते. पुष्कळांचे तिकडे लक्षही जात नसेल. जून २०१६ मध्ये उपसागराभोवतालच्या नऊ काउंट्यांतील मतदारांनी हा कर स्वतःवर लावून घेतला. दोन तृतीयांश मतांची अट होती, ती ओलांडून सुमारे ७० टक्के मते पडली. वीस वर्षांत त्यातून ५० कोटी डॉलर उभे राहायचे आहेत, आणि ते मुख्यतः खर्च व्हायचे आहेत चिखलावर.

हा चिखल म्हणजे भरती-ओहोटीची पाणथळ. गेल्या दीडशे वर्षांत तिचा बहुतेक भाग भराव, शेती आणि मिठागरांखाली गेला. २००३ मध्ये सरकार आणि काही खासगी प्रतिष्ठानांनी मिळून १५ हजार एकरांहून अधिक मिठागरे १० कोटी डॉलरना विकत घेतली. तेव्हापासून टप्प्याटप्प्याने बांध फोडून समुद्र पुन्हा आत घेतला जातो आहे. भरतीबरोबर गाळ येतो, थरावर थर साचतो, ठरावीक उंची गाठली की खाऱ्या पाण्यातल्या वनस्पती रुजतात आणि लाटांचा जोर तिथेच मोडतो. या झुडपांत एक छोटा उंदीर राहतो. खारट पाण्यावरही तग धरू शकणारा हा प्राणी जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही.

फ्रीमाँटच्या कडेला, या मिठागरांना लागूनच कोयोटी हिल्स हे उद्यान आहे. ते चालवते १९३४ साली, मंदीच्या ऐन काळात, मतदारांनीच स्थापन केलेली ‘ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट’. तिचा बराचसा पैसा करांतून आणि रोख्यांतून येतो. २००८ मध्येही मतदारांनी ५० कोटी डॉलरच्या रोख्यांना होकार दिला होता. शिवाय देणग्या आणि सदस्य वर्गणी गोळा करणारे वेगळे प्रतिष्ठान आहे. शहरी शाळांतल्या मुलांना उद्यानात आणण्यासारखी कामे त्यातून होतात.

कोयोटी हिल्समध्ये तुइबुन ओलोनी लोकांच्या दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीची जागा आहे. तिथे टुलीने शाकारलेली एक झोपडी नव्याने उभारलेली आहे. टुली हे लव्हाळ्यासारखे, पण माणसापेक्षा उंच वाढणारे पाणगवत. त्याच्या दांड्यात स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू चिखलात रुतलेल्या मुळांपर्यंत पोचतो. त्याच हवेमुळे दांडा पाण्यावर तरंगतो आणि थंडी अडवतो. म्हणून ओलोनींची होडीही टुलीची आणि घरही टुलीचे. पण हे शाकारणे काही वर्षांत कुजते. नवे घालायचे तर टुली हवी, टुलीला गोड्या पाण्याची पाणथळ हवी. वन्यजीवांचा अधिवास आणि मूळनिवासींची संस्कृती हे देणगीच्या अर्जावरचे दोन वेगळे रकाने इथे एकच होऊन जातात.

टोपल्या विणण्याचेही तसेच. त्यासाठी सेज नावाच्या गवताची जमिनीखाली पसरणारी लांब मुळे आणि विलोच्या कोवळ्या फांद्या लागतात. माती भुसभुशीत ठेवून मुळे काढत राहिले तर ती सरळ आणि लांब वाढतात. फांद्या छाटल्या किंवा जाळल्या की नवे धुमारे सरळसोट येतात. वापर थांबला की विणकामाजोगे साहित्यही मिळेनासे होते. उद्यानाचा नियम मात्र काडीही उचलू नका असा. तो सहलीला येणाऱ्यांसाठी योग्यच आहे. विणणारीने मात्र खास परवानगीशिवाय कुठे जावे?

यात आरोग्याचा प्रश्नही आहे, आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. विणणाऱ्या स्त्रिया फांदी दातांत धरून चिरतात आणि धागा तोंडात ओला करतात. परक्या वनस्पतींचा नायनाट करण्यासाठी तणनाशक फवारले असेल, तर ते थेट तोंडात जाते. कॅलिफोर्नियाच्या कीटकनाशक नियमन विभागाने वनांतल्या अशा वनस्पती तपासल्या, तेव्हा फवारणीनंतर कित्येक आठवड्यांनीही अंश सापडले. कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासी विणकरांची संघटना १९९० च्या दशकापासून हाच मुद्दा मांडत आली आहे. अधिवास सुधारायला मिळालेल्या पैशातूनच औषध विकत घेतले जाते, ही त्यातली खोच. हाताने तण काढायचे तर मजुरी अनेक पटींनी वाढते. माहितीफलकाला देणगीदार चटकन मिळतो, कारण त्यावर त्याचे नाव येते. दरवर्षी तण उपटण्यासाठी पैसे देणारा सहसा सापडत नाही.

सरकारी अनुदानाचीही अडचण आहे. १९२५ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी ओलोनी जवळजवळ नामशेष झाल्याचे लिहिले. पुढे त्यांनी मत बदलले, पण ओलोनी गटांना संघराज्य सरकारची मान्यता आजही नाही. त्यामुळे मान्यताप्राप्त जमातींसाठी राखून ठेवलेला निधी त्यांना मिळत नाही. म्हणून मूळनिवासी स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘सोगोरेआ ते’ या न्यासाने ‘शूमी’ नावाचा ऐच्छिक भूमिकर सुरू केला. शूमी म्हणजे भेट. घर भाड्याचे की मालकीचे, झोपायच्या खोल्या किती, यावरून रक्कम सुचवली जाते. सक्ती नाही. ओलोनींच्या भूमीवर राहणारे, कुठून कुठून आलेले लोक ती भरतात. या न्यासाकडे २०२२ मध्ये ओकलंड शहराने आपल्या एका उद्यानातली सुमारे पाच एकर जागा सोपवली. २०२४ मध्ये बर्कलीतल्या प्राचीन शिंपल्यांच्या टेकडीची जागा २ कोटी ७० लाख डॉलरना घ्यायचे ठरले. तिथे तेव्हा वाहनतळ होता. त्यातले २ कोटी ५५ लाख न्यासाने आणले, उरलेले शहराने दिले.

बारा डॉलरच्या कराची मुदत २०३७ मध्ये संपते. तोवर फोडलेल्या बांधांच्या आत किती गाळ साचतो आणि वाढत्या समुद्रपातळीच्या पुढे राहतो की मागे पडतो, याची मोजणी सुरू आहे. मुदत वाढवायची झाली तर पुन्हा मतदारांकडेच जावे लागेल.