डेड फोन उठून बसतो तेव्हा

अपडेट चालू असताना जुन्या फोनची बॅटरी संपली. आता पडद्यावर कंपनीचं नाव येतं, जातं, पुन्हा येतं. कधी तर काहीच येत नाही. घरातले म्हणतात, ‘डेड झाला!’ दुकानातले दादा केबल शोधत म्हणतात, ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’

गंमत म्हणजे अशा फोनची काच, बॅटरी, चिप सगळं धडधाकट असतं. बिघडलेलं असतं फर्मवेअर, म्हणजे बटण दाबल्यावर कोणी आधी जागं व्हायचं, पडदा कसा लावायचा, हे सांगणाऱ्या सूचना. त्या फ्लॅश मेमरीत राहतात. वीज गेली तरी ही मेमरी काही विसरत नाही, शिवाय पुसून पुन्हा लिहिता येते. जपानच्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात तोशिबा कंपनीत असताना ती शोधून काढली.

पण सूचनाच बिघडल्या, तर नव्या सूचना आत घ्यायला फोनला सांगणार कोण?

इथेच खरी जादू आहे. चिप घडवतानाच तिच्या पोटात एक इवलासा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असतो. त्याचं नाव बूट रॉम. तो कोणालाच पुसता येत नाही, अगदी चिप बनवणाऱ्या कंपनीलाही नाही! वीज मिळाली की सगळ्यात आधी तोच जागा होतो आणि फ्लॅश मेमरीत पुढचा प्रोग्रॅम शोधतो. नाही सापडला, तर यूएसबीकडे कान लावून बसतो. क्वालकॉमची चिप असेल तर फोनचा पडदा काळाच राहतो, पण जोडलेल्या संगणकावर ९००८ हा आकडा उमटतो. म्हणजे फोन ऐकतोय, दादा लगेच खूश!

मग नव्या सूचनांची कंपनीची फाइल आत लिहायची, म्हणजेच ‘सॉफ्टवेअर मारायचं’. पण बूट रॉम भोळा नाही बरं का. बहुतेक फोनांत तो आधी डिजिटल सही तपासतो. आलेल्या प्रोग्रॅममध्ये एका बिटाचा जरी फरक असला, तरी आत प्रवेश नाही.

मुळात अपडेट अर्ध्यावर अडकून फोन ‘डेड’ होऊ नये, म्हणून २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७पासून अनेक फोन सिस्टिमच्या दोन प्रती बाळगू लागले. एक वापरात असताना अपडेट दुसरीवर लिहिलं जातं, त्यामुळे अर्ध्यावर बॅटरी संपली तरी पहिली प्रत शाबूत.

पाण्यात पडून सर्किट जळलं असेल, तर मात्र फर्मवेअर काही करू शकत नाही. आणि सॉफ्टवेअर मारताना फोटो बहुधा पुसले जातात. तेव्हा आजच आईबाबांना विचारा, फोटोंचा बॅकअप घेतलाय का?