बाहेरची अक्कल, आतली तयारी

खाणधंद्यात भूगर्भाची माहिती म्हणजे तिजोरीतला ऐवज. कुठे भोक पाडलं, किती खोलीवर काय लागलं, हे शेजारच्या खाणवाल्याला कळू नये म्हणून कंपन्या जिवाचं रान करतात. कॅनडातल्या गोल्डकॉर्प कंपनीचे प्रमुख रॉब मॅकईवेन यांनी २००० साली नेमकं उलट केलं. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या रेड लेकच्या खाणीची, म्हणजे सुमारे ५५,००० एकर जमिनीची माहिती त्यांनी इंटरनेटवर टाकली आणि जगाला विचारलं, आम्ही सोनं कुठे शोधू? बक्षिसांची एकूण रक्कम होती पावणेसहा लाख डॉलर. आदल्या वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत एक हकिगत ऐकली होती, लिनक्स ही खुली संगणकप्रणाली अनेकांनी मिळून कशी घडवली याची; तिथून हे डोक्यात आलेलं. पहिलं बक्षीस ऑस्ट्रेलियातल्या दोन संस्थांनी मिळून मिळवलं. त्यांनी संगणकावर खाणीचं त्रिमितीय चित्र उभं केलं होतं. विजेत्यांच्या चमूतल्या प्रमुखाने तोवर रेड लेक तर सोडाच, कॅनडाही पाहिला नव्हता.

व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत ही गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. मला मात्र तिच्यातला कमी सांगितला जाणारा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या खाणीत खोलवर उत्तम प्रतीचं सोनं आहे, हे कंपनीला १९९५ मध्येच कळलेलं होतं. अनेक वर्षांच्या नोंदी गोळा करून संगणकावर एका साच्यात आणण्याचं रटाळ काम कंपनीच्याच माणसांनी केलं. आणि बाहेरून आलेल्या उत्तरांपैकी कुठे यंत्र लावायचं, कुठे नाही, हे ठरवायला कंपनीचे स्वतःचे भूवैज्ञानिक होते. बाहेरच्यांनी बोट दाखवलं. खणायची ताकद आत होती.

अमेरिकी प्राध्यापक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये ‘ओपन इनोव्हेशन’ हे पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला नाव मिळालं. विसाव्या शतकातल्या बड्या कंपन्यांचा भरवसा स्वतःच्या प्रयोगशाळांवर होता. संशोधन आत, उत्पादन आत, पेटंट कुलपात. पण शिकलेली माणसं नोकऱ्या बदलू लागली, नव्या कंपन्यांना भांडवल सहज मिळू लागलं आणि कल्पना भिंतींच्या आत राहीनाशा झाल्या. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या कितीतरी गोष्टींचा पैसा दुसऱ्यांनीच केला, हे चेसब्रो यांनी बारकाईने अभ्यासलं होतं.

प्रकार जुनाच आहे. समुद्रात रेखांश कसा ओळखावा यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये जाहीर बक्षीस लावलं होतं. उत्तर आणलं ते जॉन हॅरिसन या सुतारकामातून घड्याळांकडे वळलेल्या माणसाने. उत्तर आकाशातूनच मिळेल अशी परीक्षक मंडळावरच्या बड्या खगोलशास्त्रज्ञांची धारणा होती. घड्याळ त्यांच्या पचनी पडेना. हॅरिसनच्या उरलेल्या पैशांचा निकाल लागायला १७७३ उजाडलं, तेव्हा तो ऐंशीचा झाला होता.

आजच्या काळात याचा सर्वांत शिस्तशीर प्रयोग घरगुती वापराच्या वस्तू बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने केला. २००० साली कंपनीचा शेअर धाडकन कोसळलेला, त्या वेळी ए. जी. लाफ्ली सूत्रधार झाले. संशोधनावरचा खर्च वाढत होता आणि त्यातून निघणारी नवी उत्पादनं त्या मानाने कमी. त्यांनी लक्ष्य ठेवलं की नवकल्पनांपैकी निम्म्या कंपनीबाहेरून याव्यात. हिशेब साधा होता. कंपनीत साडेसात हजार संशोधक. त्यांच्या तोडीची माणसं जगात बाहेर सुमारे पंधरा लाख. त्या पंधरा लाखांना पगार न देता त्यांच्या कामापर्यंत कसं पोचायचं, एवढाच प्रश्न.

तेव्हा याच कंपनीच्या असलेल्या प्रिंगल्स या वेफर्सचं उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रत्येक वेफरवर चित्र किंवा कोडं छापायची कल्पना निघाली. खाण्याजोग्या शाईची पद्धत घरी शोधायची तर दोन वर्षं सहज गेली असती. कंपनीने अडचण नेमक्या तांत्रिक शब्दांत लिहून काढली आणि आपल्या जाळ्यातून युरोपभर फिरवली. इटलीत बोलोन्यात एक प्राध्यापक छोटी बेकरी चालवत होते आणि केकवर खाण्याजोगी चित्रं छापायचं तंत्र त्यांनी तयार केलं होतं. २००४ मध्ये छापील वेफर्स बाजारात आले. यात गंमत बेकरीची नाही, त्या अडचणीच्या कागदाची आहे. ‘काहीतरी नवं सुचवा’ असं कंपनी म्हणाली असती तर त्या प्राध्यापकांपर्यंत ती कधीच पोचली नसती. जगभर उत्तरं शोधत फिरायला तिने सत्तरेक अनुभवी माणसं नेमली होती. २००६ पर्यंत नव्या उत्पादनांपैकी पस्तीस टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बाहेरचं काही ना काही होतं. त्याच्या सहा वर्षं आधी हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं. ‘हे आपलं नाही’ म्हणून नाक मुरडणारे आतले लोक हा तिथलाही मुख्य अडसर होता. बाहेरून आणलेल्या वस्तूचं श्रेय आतल्या माणसालाही मिळेल, अशी व्यवस्था केल्यावर तो कमी झाला.

भागीदारापेक्षा ग्राहकाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त रंजक. एमआयटीचे एरिक फॉन हिप्पल यांनी १९७६ मध्ये वैज्ञानिक उपकरणांतल्या शंभरावर सुधारणांचा माग काढला. सुमारे ऐंशी टक्के सुधारणा उपकरण बनवणाऱ्यांनी नव्हे, वापरणाऱ्यांनी केलेल्या निघाल्या. कारण उघड आहे. अडचण त्यांना रोज भोगावी लागते, उत्पादकाला ती अहवालात दिसते. पुढे ३एम कंपनीच्या एका गटाने शस्त्रक्रियेतला जंतुसंसर्ग रोखण्यासाठी हीच वाट धरली. ही माणसं भारतासह आशियातल्या रुग्णालयांत गेली, जनावरांच्या डॉक्टरांना भेटली आणि चेहऱ्यावर काही चिकटवून अलगद काढण्यात वाकबगार म्हणून हॉलिवूडच्या रंगभूषाकारांनाही.

लेगो या डेन्मार्कच्या खेळणी बनवणाऱ्या कंपनीला हा धडा अनपेक्षितपणे मिळाला. १९९८ मध्ये तिने माइंडस्टॉर्म्स हा यंत्रमानव जुळवायचा संच आणला. थोड्याच काळात स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने त्याच्या आतला प्रोग्रॅम उलगडून जगासमोर ठेवला. डेन्मार्कमध्ये वकिलांना बोलवावं का, यावर खल झाला. शेवटी कंपनीने दावा लावला नाही. उलट ‘फोडून बघायचा हक्क’ परवान्यातच घातला. पुढची आवृत्ती करताना तर तिने चार पट्टीच्या चाहत्यांना गुपचूप सोबत घेतलं. हा संच २००६ मध्ये आला.

आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण टाटांच्या ‘एस’ या छोट्या मालवाहू गाडीचं, जिला महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत ‘छोटा हत्ती’ म्हणतात. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालचा पुण्याचा गट मालवाहू तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलत हिंडला. मायलेज आणि किंमत हे मुद्दे अपेक्षितच होते. पण एका तरुणाने वेगळंच सांगितलं, अशी हकिगत या प्रकल्पाबाबत नेहमी सांगितली जाते: चारचाकी असेल तर गावात आपल्याला चांगलं स्थळ येईल. कुठल्याही प्रश्नावलीत हा रकाना नसतो. मे २००५ मध्ये दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची ही गाडी आली आणि दोन वर्षांच्या आत लाखाचा टप्पा ओलांडून गेली. त्या तरुणाने गाडीचा आराखडा काढला नाही. प्रतिष्ठेचा मुद्दा सांगितला. तो ओळखून त्यावर चार चाकं बसवणं हे अभियंत्यांचं काम होतं.

भागीदारी उलट्या दिशेनेही चालते, हेही पुण्याने पाहिलं आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर संचालक असताना पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवरच्या कामाची पेटंटं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने वापरायला घेतली. पैसे मोजून परदेशी तंत्रज्ञान आणायच्या सवयीच्या देशात तो धक्काच होता. जनरल इलेक्ट्रिकने २००० मध्ये बेंगळुरूला मोठं संशोधन केंद्र उघडलं, त्यामागे या अनुभवाचाही हात होता असं सांगितलं जातं.

आता फसलेल्या, किंवा अर्धवट जमलेल्या उदाहरणाकडे. ग्राहकाला कुठला चित्रपट आवडेल याचा आपला अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलर देऊ केले. दहा कोटी गुणांकनं नावं काढून टाकून खुली केली. तीन वर्षं जगभरचे गणिती झुंजले. शेवटी दोन चमूंचे आकडे तंतोतंत सारखे आले आणि वीस मिनिटं आधी उत्तर पाठवणाऱ्यांना बक्षीस मिळालं. पण ते विजेतं उत्तर नेटफ्लिक्सने जसंच्या तसं कधी वापरलं नाही. ते चालू यंत्रणेत बसवायचा खटाटोप फायद्याहून मोठा होता, शिवाय कंपनीचा धंदा तोवर टपालाने पाठवायच्या डीव्हीडीकडून ऑनलाइन प्रक्षेपणाकडे सरकला होता. स्पर्धेच्या पहिल्या वर्षातली दोन साधी तंत्रं तेवढी उपयोगी पडली. दरम्यान टेक्सास विद्यापीठातल्या दोघांनी नावं काढलेल्या त्या माहितीतूनही माणसं ओळखता येतात हे दाखवून दिलं, आणि दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द करावी लागली. ग्राहकांची माहिती उघडी करताना ग्राहकांना कुणीच विचारलं नव्हतं.

आणि मोबदल्याचं काय? लेगोच्या त्या चार चाहत्यांना मानधन नव्हतं. मिळाले ते लेगोचे संच, आणि डेन्मार्कचं विमानभाडंही पदरचं. ते खुशीने गेले, हे खरं. पुढे ‘लेगो आयडियाज’मध्ये नियम झाला की दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळालेली आणि कंपनीने निवडलेली रचना बाजारात आली, तर ती सुचवणाऱ्याला निव्वळ विक्रीचा एक टक्का. एक टक्का म्हणजे फार नाही, पण तो आधी लिहून ठेवलेला असतो.

लिहून न ठेवल्यास काय होतं, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्या आयुष्यात दिसतं. १९८३ मध्ये त्यांना आपल्या दीड एकराच्या शेतात धानाच्या काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी ‘एचएमटी’ वाण घडवला. नाव त्या काळच्या घड्याळाचं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केला. श्रेयावरून वाद झाला. राष्ट्रीय पातळीवरचा गौरव नंतर झाला, पैसा मात्र व्यापाऱ्यांनी केला, आणि २०१८ मध्ये खोब्रागडे विपन्नावस्थेतच वारले. हा कंपनीचा मामला नाही, पण बाहेरच्या माणसाची अक्कल संस्थेच्या दारातून आत गेल्यावर तिचं काय होतं, हा प्रश्न तोच आहे.

शेतकऱ्यांसाठी निदान २००१ चा वाण संरक्षण कायदा आहे. त्यात वाण घडवणारा म्हणून शेतकऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. कंपनीला सूचना पाठवणाऱ्या ग्राहकासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्याला मिळतं काय, हे कंपनी लिहिते त्या अटींवर ठरतं. आणि त्या अटींत बहुधा असतं एकच, की पाठवलेल्या कल्पनेवर तुमचा कुठलाही दावा राहणार नाही.