डॉक्टरांना मेसेज पाठवताना

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेपाचला उठलो आणि सवयीप्रमाणे मोबाईल पाहिला. रात्री पावणेबाराला एका जुन्या पेशंटच्या मुलाचा मेसेज येऊन पडला होता. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. 'सर, बाबांना छातीत' आणि पुढे 'के-ए-एल'. अर्धवट झोपेत मी तो शब्द 'काल' असा वाचला. काल काहीतरी झाले असेल, दवाखान्यात आल्यावर पाहू, असे म्हणून चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत डोक्यात प्रकाश पडला. तो शब्द 'काल' नव्हता, 'कळ' होता!

ताबडतोब फोन लावला. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून वाटलं काळजीचं काही नसेल." हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळाले, तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. इथे सहा तास मेसेजच्या उत्तराची वाट पाहण्यात गेले होते. बाबा वाचले, पण आता त्यांना एक जिना चढला तरी दम लागतो.

वाचकहो, मेसेजखाली दोन खुणा दिसल्या म्हणजे तो डॉक्टरांच्या फोनपर्यंत पोहोचला, डॉक्टरांपर्यंत नव्हे. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, फिट येणे, सर्पदंश, न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल तर मेसेज टाइप करत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे.

बाकीच्या गोष्टींसाठी मात्र मेसेज फार सोयीचा. फक्त पाच तुकड्यांत पाठवू नका. 'सर', मग 'आहात का', मग 'एक विचारायचं होतं', असे येत राहिले की मी तपासत असलेल्या पेशंटवरचे लक्ष उडते. नाव, वय, त्रास कधीपासून, ताप मोजला असेल तर किती, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, हे सारे एकदाच लिहा. नुसते 'शुगर १८०' लिहिले तर मी काय समजू? मधुमेही माणसाची जेवणानंतर दोन तासांची असेल, तर फारसे घाबरण्याचे कारण नाही. उपाशीपोटीची असेल, तर औषधाचा विचार करावा लागेल. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसते इंग्रजी 'यू' अक्षर तर कधीच लिहू नये. ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० वाचले जातात. 'युनिट' असा पूर्ण शब्द लिहावा. आणि शक्यतो मराठी मराठीतच लिहा. टाइप करायचा कंटाळा आला, तर बोलून पाठवा.

गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढताना नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा दोन्ही दिसू द्या. पाठवण्यापूर्वी वर कोणाचे नाव आहे तेही पाहा. एका सुनेच्या गर्भचाचणीचा निकाल भिशीच्या ग्रुपवर जाऊन पडला होता. सासूबाईंना आनंदाची बातमी शेजारणीकडून कळली!

मार्च २०२० च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरांना मेसेजवरूनही सल्ला देता येतो. तपासणे गरजेचे वाटले तर 'येऊन दाखवा' असे सांगण्याचा अधिकारही त्यांना आहे. तेव्हा मी तसे लिहिले तर फीसाठी बोलावतो असे समजू नये.

राहता राहिले सकाळचे फुलांचे फोटो. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये जो पहिला एसएमएस गेला, तो नाताळच्या शुभेच्छांचाच होता, त्यामुळे शुभेच्छांशी माझे वैर नाही. पण रोजच्या तीस-चाळीस गुलाबांखाली एखाद्याचा ताप दबून जातो, त्याचे काय?

त्या मुलाचा परवा रात्री साडेदहाला पुन्हा निरोप आला. या वेळी मेसेज नव्हे, फोन. बाबांना उचकी लागली होती.