उशी धुवायची की पिंजायची?

पावसाळा सरला की शिरवळच्या गच्च्यांवर गाद्या-उशा दिसू लागतात. चार महिने घरात मुरलेला दमटपणा उशीत साठतो, तिला कुबट वास येतो. अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या बारीक कणांवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे अशा दमट जागी वाढतात. घरात दम्याचं मूल असेल, सकाळी उठताच कुणाला शिंकांवर शिंका येत असतील, तर औषधाबरोबर उशीकडेही बघायला हवं.

आता उशी धुवायची कशी? आधी तिच्या पोटात काय आहे ते पाहा.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या उशा कापसाच्या किंवा सावरीच्या. या मुळीच धुऊ नयेत. भिजलेल्या कापसाचे गोळे होतात, आतला भाग दिवसेंदिवस वाळत नाही आणि सडतो. त्यांना कडक ऊन द्यावं. चार-पाच तास, दोन्ही बाजूंनी. मग नाकाला ओढणी बांधून काठीनं झोडपावं. खोळ आणि अभ्रे मात्र गरम पाण्यात धुवावेत. धूळकिडे मरायला पाणी साठ अंशांच्या आसपास लागतं, कोमट पाण्यानं भागत नाही.

पिसांच्या उशा आपल्याकडे कमी. आखातात नोकरीला असलेला भाऊ किंवा मामू सुट्टीवर येताना आणतो, तेवढ्याच. त्या धुता येतात. आधी शिवण तपासा. एक टाका उसवलेला असला तरी घरभर पिसं होतील. मोठ्या टबात कोमट पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य साबण थोडासाच घ्या. उशी दाबत दाबत धुवा, पिळू नका. फेस जाईपर्यंत दोन-तीन पाणी बदला. यंत्रात धुणार असाल तर दोन उशा एकत्र घाला, म्हणजे तोल राहतो.

खरं काम वाळवण्याचं. वारा खेळेल अशा जागी उशी आडवी ठेवा. दर दोन-तीन तासांनी उलटा, झटका, आतले गोळे बोटांनी मोकळे करा. वरून कोरडी लागली तरी आत ओल असते. दोन-तीन दिवस लागतात. नाकाजवळ धरून ओला वास आला तर अजून वाळली नाही. अशी उशी वापरली तर आत बुरशी धरते. म्हणून हे काम पावसाळ्यात काढूच नये.

फोमची उशी यंत्रात घालू नये, ती फाटते. तिचा अभ्रा धुवावा. कृत्रिम धाग्याची उशी बहुधा धुता येते, तिच्यावरची चिठ्ठी वाचावी.

कापसाची उशी दडस झाली, तर ऊनही पुरत नाही. तेव्हा पिंजारीच हवा. तो कापूस सोडवतो, धूळ झाडतो, तंतू मोकळे करतो आणि तीच उशी पुन्हा भरून देतो. पूर्वी धनुकलीच्या तातीचा टणत्कार गल्लीत ऐकू यायचा; आता विजेवरचं यंत्र आलं आहे. नवी उशी स्वस्तात मिळते म्हणून लोक जुनी फेकून देतात आणि पिंजाऱ्याचं काम घटत जातं. शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहिताना त्यांची मुलं ‘पिंजारी’ लिहायला लाजतात, ‘मजुरी’ लिहितात.

लाजण्यासारखं यात काय आहे? उर्दूत त्याला धुनिया म्हणतात, नद्दाफ म्हणतात. अरबीत कापूस पिंजणारा तो हल्लाज. इ.स. 922 मध्ये बगदादला सुळावर गेलेले सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावात हाच शब्द आहे, आणि पिंजारी बिरादरीतले अनेक जण त्यांच्याशी नातं सांगत स्वतःला मन्सुरी म्हणवतात.

झोपण्यापूर्वी बिछाना झटकावा, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळाली आहे. रोज अंथरूण झटकणं आपल्या हाती आहे. वर्षातून एकदा, थंडी पडायच्या आत, पिंजाऱ्यालाही घरी बोलवा. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. आणि मुलांना ते काम जवळ उभं राहून बघू द्या.